नियम दोनशे तेरा

कोराडीची राख अंगावर बसते,
झटकली की जाते, असं निखारे म्हणाले
आणि बाही झटकून दाखवली.
गेली नाही.

मी तेव्हा सत्तावीसचा. धरमपेठेतून स्कूटरवर यायचो,
पिशवीत टेपरेकॉर्डर, आठ कॅसेट
आणि साल्पेकर साहेबांचं पत्र:
'यांना सर्व माहिती द्यावी.'
सर्व.
डोमाजी निखारे, बॉयलर ऑपरेटर, निवृत्तीला चौदा महिने.
त्यांच्या डोक्यातलं काढून
मला संगणकात ठेवायचं होतं.
जर असं, तर तसं.

तीन आठवडे ते मला पुस्तकच सांगत राहिले,
जे मी वाचूनच आलो होतो.
युनियनचे हेडाऊ दाराला टेकून
खर्रा घोटत ऐकायचे:
"सांग डोमा, समदं सांग.
मंग सायेब तुले कायले ठेवन?"

चौथ्या आठवड्यात बॅटऱ्या आणायला विसरलो.
रात्रपाळी. चार नंबरच्या भिंतीला
निखारेंनी सळई टेकवली,
दुसरं टोक कानामागच्या हाडाला.
डोळे मिटले.
"नळी फुटली की कसा आवाज येतो?"
"पह्यले येत नाई जी.
पह्यले एक आवाज जाते. रोजचा."
"कोणता?"
"आता कसा सांगू? तो त हाये ना अजून."

घरी येऊन सात वेळा खोडून लिहिला,
तो नियम दोनशे तेरा.
खात्रीचं प्रमाण हवं होतं. शंभरातून किती वेळा, विचारलं.
"लेकराले ताप हाये का नाई,
माय काय शंभरातून सांगते?"
मी शून्य पूर्णांक सात लिहिलं.

मार्चमध्ये नारळ फुटला, संत्रा बर्फी वाटली.
संगणक काचेच्या खोलीत, गारव्यात,
चावी साल्पेकरांकडे, साल्पेकर सहाला घरी.
निखारेंना शाल.
पडद्यावर पहिलं नाव माझं, मग खात्याचं.
त्यांचं नव्हतं.
हे माझ्या लक्षात आलं नाही. हेडाऊंच्या आलं.

मे महिना. निखारे घरी बसलेले.
रात्री दोन वाजता पत्र्याला हात लागत नव्हता.
पाळीवर सुगत गजभिये, वर्षही न झालेला.
शिपायाला उठवून त्यानं दुसरी चावी मिळवली,
पडद्यानं विचारलं ते ते भरलं,
आणि उत्तर आलं. बरोबर आलं.
नळी गळते आहे. बॉयलर बंद करा.

सुगत त्या ओळीकडे बघत बसला.
करा म्हणजे कोणी?
गावभर कूलर चालू, वरून रोज विजेचा तगादा,
आणि उद्या कोणी विचारलं तर
'संगणक म्हणाला' असं सांगायचं?
सहापर्यंत थांबला.
सहापर्यंत शेजारच्या अकरा नळ्या गेल्या.

चौकशीत मी म्हणालो, प्रणालीचं उत्तर योग्य होतं.
अहवालात तसंच आहे.

जूनमध्ये गोळीबार चौकात त्यांचं घर शोधलं.
कूलरमध्ये पाणी ओतत होते.
"तुम्ही असते तर?"
"सायबाच्या घरी फोन लावला असता. बाई उचलते.
बाईले म्हनाचं, सायबाले उठवू नका,
फक्त सांगा, डोमा बॉयलर बंद करून रायला.
मंग सायेब सोताच उठते.
आन् म्हनते, मीच सांगतलं व्हतं बंद कराले."
"हे मला कधी बोलला नाहीत."
"तुमी पुसलं कुठी?
तुमी त बॉयलरचं पुसत व्हते."

सुगतला बदलीचा कागद आला होता, चंद्रपूर.
हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं.

बादली ठेवून त्यांनी कूलरच्या जाळीला कान लावला.
"पंप जाते याचा."
मीही लावला.
वाळ्याचा ओला वास, पंख्याची घरघर.
त्यातून काही गेल्यासारखं
मला तरी वाटलं नाही.